पुढे धावणारा फुलबॅक



‘फुलबॅक’ म्हटलं की तुमच्यातल्या फुटबॉलवेड्यांच्या डोळ्यांसमोर कोण येतो? गोलकीपरच्या पुढे, मैदानाच्या कडेला उभा राहून समोरच्यांचा हल्ला परतवणारा गडी. बरोबर ना? पण आज ज्याची गोष्ट सांगणार आहे तो फुलबॅक या फुटबॉलमधला नाही. तो आहे अमेरिकन फुटबॉलमधला. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत ‘सॉकर’ म्हणतात. आणि तिथले लोक ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात चेंडूला पाय लागतो तो अधूनमधूनच! चेंडू हातात, नाहीतर काखेत. शिवाय तो गोलही नसतो. नारळाला दोन्ही बाजूंनी टोक काढावं, तसा दिसतो.

आधी खेळ समजून घेऊ, म्हणजे माणूस समजेल.

दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. मैदान १०० यार्ड लांब, म्हणजे साधारण ९१ मीटर. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार प्रयत्न मिळतात. त्या चार प्रयत्नांत चेंडू १० यार्ड पुढे न्यायचा. नेला, की आणखी चार प्रयत्न. नाही जमलं, की चेंडू समोरच्यांना. असं करत करत शेवटची रेषा ओलांडली की ‘टचडाउन’, म्हणजे सहा गुण. चेंडू पुढे फेकून झेलता येतो, नाहीतर काखेत मारून पळता येतं. पळणाऱ्याला समोरच्यांनी धरून जमिनीवर लोळवलं की तो प्रयत्न तिथेच संपला. कबड्डीत चढाई करणाऱ्याला पकडतात ना, तसंच. फक्त जरा जोरात. जरा म्हणजे बरंच!

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. आपल्या फुटबॉलमध्ये ज्याच्याकडे चेंडू नाही अशा गड्याला धक्का मारला तर पंच लगेच शिट्टी फुंकतात. इथे मात्र आपल्या पळणाऱ्या गड्याच्या वाटेत जो येईल त्याला अंगाने रेटून बाजूला करायला परवानगी असते. धरून ठेवायचं नाही, एवढंच. याला ‘ब्लॉक’ करणं म्हणतात. सगळ्यात पुढच्या रांगेत पाच धिप्पाड गडी हेच काम करायला उभे असतात. त्यांच्या मागे क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक डाव सुरू करणारा. त्याच्या मागे फुलबॅक. आणि फुलबॅकच्याही मागे रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा.

तुमच्यातला एखादा हुशार लगेच विचारेल, “‘फुल’ बॅक म्हणजे पूर्ण मागे ना? मग तो मधे कसा?” छान प्रश्न आहे. फार पूर्वी फुलबॅक खरोखरच सगळ्यात मागे उभा राहायचा आणि चेंडू घेऊन पळायचा. पुढे उभं राहायची जागा बदलली, काम बदललं, नाव मात्र तेच राहिलं. आपल्याकडेही गिरणी बंद होऊन वर्षं लोटतात, तरी बसथांब्याचं नाव गिरणीचंच असतं, तसं.

आपल्या गोष्टीतला मुलगा म्हणजे डॅरिल जॉन्स्टन. जन्म १० फेब्रुवारी १९६६. गाव यंगस्टाउन, न्यूयॉर्क राज्यातलं. न्यूयॉर्क म्हटल्यावर लगेच उंच इमारती डोळ्यांसमोर आणू नका. हे लहानसं गाव त्या राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. नायगाराचा प्रसिद्ध धबधबा ओलांडून ती नदी पुढे ऑन्टारिओ सरोवराला मिळते, तिथे. नदीच्या पलीकडे कॅनडा देश.

शाळा संपवून डॅरिल त्याच राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठात गेला. अमेरिकेत कॉलेजांचं फुटबॉल म्हणजे केवढं प्रस्थ असतं! सिरॅक्यूजच्या छप्पर असलेल्या मैदानात तेव्हा सुमारे पन्नास हजार माणसं बसायची. हो, कॉलेजच्या सामन्याला! पण त्या काळी खेळणाऱ्या मुलांना पगार नसायचा. फी, पुस्तकं, राहणं-जेवण यांचा खर्च शिष्यवृत्तीतून भागायचा. (२०२१ पासून तिथल्या कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातींतून पैसे मिळवायची परवानगी मिळाली आहे. डॅरिलच्या वेळी ती नव्हती.) डॅरिलने खेळता खेळता अर्थशास्त्राची पदवीही घेतली.

सिरॅक्यूजला फुलबॅक होणं साधी गोष्ट नव्हती. इथूनच शिकून गेलेला जिम ब्राउन १९५७ ते १९६५ अशी नऊ वर्षं क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघातून फुलबॅक म्हणून खेळला आणि १२,३१२ यार्ड पळाला. त्याच्यानंतरचा लॅरी झॉन्का सिरॅक्यूजचा फुलबॅक, पुढे मायामी डॉल्फिन्स संघाचा. त्या संघाने १९७२ च्या मोसमातले सगळेच्या सगळे १७ सामने जिंकले होते. म्हणजे डॅरिलच्या आधीचे फुलबॅक कसे, तर चेंडू हातात घेणारे, नावाचा गजर होणारे. डॅरिललाही कॉलेजात चेंडू घेऊन पळायला मिळायचं. १९८७ च्या मोसमात त्यांचा संघ एकही सामना हरला नाही. अकरा जिंकले आणि शेवटचा, १ जानेवारी १९८८ चा, ऑबर्न विद्यापीठाविरुद्ध १६–१६ असा बरोबरीत सुटला.

कॉलेज संपल्यावर पुढचा टप्पा ‘ड्राफ्ट’. ही पद्धत मजेशीर आहे. व्यावसायिक संघ एकेक करून कॉलेजमधल्या खेळाडूंची निवड करतात आणि पहिली निवड करायचा मान आदल्या वर्षी सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाला! आपण वर्गात गडी वाटून घेताना असं कधी करतो का? कच्च्या बाजूला पहिला गडी निवडू देतो का? मला तरी ही पद्धत आवडली. खेळाडूला मात्र आपला संघ निवडता येत नाही. ज्यांनी नाव पुकारलं, तिकडे जायचं.

१९८९ साली ही पहिली निवड डॅलस काउबॉइज या संघाकडे होती. त्यांनी पहिल्या फेरीत ट्रॉय एकमन हा क्वार्टरबॅक घेतला आणि दुसऱ्या फेरीत डॅरिल जॉन्स्टन. सगळ्या खेळाडूंत मिळून ३९ वा. संघाचा मालक नवा, प्रशिक्षक नवा, अर्धे गडी नवे. त्या वर्षी डॅलसने किती सामने जिंकले असतील? सोळापैकी एक! पंधरा हरले. कॉलेजात एक मोसमभर हार न पाहिलेल्या मुलाची ही सुरुवात.

तिथेच त्याला टोपणनाव पडलं. संघाच्या बैठकीत डॅरिल चेंडू घेऊन पळणाऱ्या इतर गड्यांबरोबर उभा राहिला, तेव्हा त्याच्याच संघातला एक क्वार्टरबॅक म्हणाला, बाकीचे हरणांसारखे आहेत आणि हा त्यांच्यात घुसलेला मूस! मूस म्हणजे उत्तर अमेरिकेतला प्रचंड मोठा, पसरट शिंगांचा सांबरासारखा प्राणी. (आपल्या सोनाराकडची मूस नव्हे हं!) डॅरिल होताही तसाच, सव्वासहा फुटांच्या जवळ उंच आणि वजन ११० किलोच्या आसपास. पुढे त्याच्या हाती चेंडू आला की डॅलसचे प्रेक्षक एका सुरात “मूऽऽऽस” म्हणून ओरडायचे. नव्या माणसाला वाटायचं, लोक त्याची हुर्यो उडवताहेत!

१९९० च्या ड्राफ्टमध्ये डॅलसने एमिट स्मिथ नावाचा रनिंग बॅक घेतला. उंचीने बेताचा, पण अतिशय चपळ. आता चेंडू घेऊन पळायचं काम एमिटचं. आणि जॉन्स्टनचं? एमिटच्या पुढे पळायचं. चेंडूशिवाय.

यांची एक ठरलेली चाल होती, ती मी आमच्या चौथीच्या वर्गात फळ्यावर काढून दाखवली. तुम्हीही कागदावर काढत काढत वाचा. एकमन चेंडू घेतो आणि मागे मागे येतो, जणू काही आता लांब फेकणार. समोरचे बचाव करणारे फसतात. चेंडू डोक्यावरून जाणार असं वाटून ते मागे सरकायला लागतात, नाहीतर एकमनच्या अंगावर धावतात. इतक्यात एकमन चेंडू हळूच एमिटच्या पोटाशी देतो. पुढच्या पाच धिप्पाड गड्यांनी दोन बाजूंना रेटारेटी करून मधे एक फट केलेली असते. वर्गाच्या दाराएवढी समजा. पण त्या दारात कोणीतरी उभा असतो. बचावाच्या दुसऱ्या फळीतला ‘लाइनबॅकर’, तोही शंभर किलोच्या वरचा आणि धावत येणारा. एमिट त्याच्यावर आदळला तर डाव तिथेच संपला. म्हणून एमिटच्या दोन पावलं पुढे मूस त्या दारात शिरतो आणि लाइनबॅकरवर स्वतः आदळतो. एमिट बघतो, मूसने त्याला डावीकडे ढकललं की उजवीकडे, आणि दुसऱ्या बाजूने सटकतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. लोक टाळ्या वाजवतात तेव्हा एमिट पुढे पळत असतो. मूस मागे, कोणाच्या तरी खाली.

माझं चित्र काढून झालं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “बाई, मग त्याच्या नावापुढे काय लिहितात?”

अगदी नेमका प्रश्न. उत्तर आहे, काही नाही. अमेरिकन लोकांना आकडेवारीची भारी हौस. कोण किती यार्ड पळाला, कोणी किती झेल घेतले, कोणी कोणाला किती वेळा पाडलं, सगळ्याची नोंद होते. पण अधिकृत आकडेवारीत ‘ब्लॉक’चा रकाना नसतो. मूसने एमिटसाठी किती वेळा वाट मोकळी केली, हे कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

जे सापडतं ते पाहू. वही-पेन्सिल घ्या. डॅरिल जॉन्स्टन १९८९ पासून १९९९ पर्यंत अकरा मोसम खेळला आणि चेंडू घेऊन एकूण ७५३ यार्ड पळाला. एक यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर. करा गुणाकार. किती आले? साधारण ६८९ मीटर. चारशे मीटरच्या धावपट्टीच्या दोन फेऱ्याही पुऱ्या होत नाहीत. अकरा वर्षांत! झेल घेण्यात तो जास्त कामाला आला. त्याने २९४ झेल घेऊन २,२२७ यार्ड मिळवले.

आता एमिट. १९९० ते १९९९ या दहा मोसमांत तो १३,९६३ यार्ड पळाला. म्हणजे पावणेतेरा किलोमीटरहून थोडं जास्तच, आणि तेही अंगावर धावून येणाऱ्या अकराजणांतून. यातलं प्रत्येक पाऊल मूसच्या मागून पडलं असं नाही. कधी मूस मैदानात नसायचा, कधी चालच वेगळी असायची. पुढच्या पाच धिप्पाड गड्यांचा वाटाही मोठा होताच. पण १९९१, १९९२, १९९३ आणि १९९५ या चार मोसमांत साऱ्या लीगमध्ये सगळ्यात जास्त यार्ड एमिटचे होते आणि या चारही वर्षी त्याच्यापुढचा फुलबॅक तोच होता.

संघाचं काय झालं, ते सांगायलाच हवं. १९८९ साली एकच सामना जिंकणारा डॅलस संघ जानेवारी १९९३ मध्ये ‘सुपर बोल’ म्हणजे अंतिम सामन्यात पोचला आणि बफेलोला ५२–१७ असं हरवून बसला. पुढच्या वर्षी पुन्हा बफेलोच समोर, पुन्हा डॅलसचाच विजय. जानेवारी १९९६ मध्ये पिट्सबर्गला हरवून तिसरा. चार वर्षांत तीन विजेतेपदं त्याआधी कोणत्याही संघाने मिळवली नव्हती.

या सगळ्यात मला आवडणारा सामना मात्र अंतिम फेरीतला नाही. तो आहे २ जानेवारी १९९४ चा, न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धचा. मोसमातला शेवटचा साखळी सामना. जिंकेल तो गटात पहिला. दुसऱ्या डावात, म्हणजे मध्यंतरापूर्वीच, एमिट उजव्या खांद्यावर आपटला आणि खांद्याचा सांधा सुटला. तरी तो बाहेर बसला नाही. त्या दिवशी तो ३२ वेळा चेंडू घेऊन पळाला, १० झेल घेतले आणि एकूण २२९ यार्ड मिळवले. डॅलसने जादा वेळेत १६–१३ असा विजय मिळवला. एमिटच्या हिमतीची गोष्ट सगळे सांगतात, सांगायलाच हवी. पण ज्याचा एक खांदा कामातून गेलाय अशा माणसाच्या पुढे पळणाऱ्यांचा विचार करा. त्या दिवशी समोरच्यांचा पहिला धक्का आपल्याच अंगावर घेणं किती गरजेचं असेल!

१९९३ च्या मोसमात आणखी एक गोष्ट घडली. तिथे ‘प्रो बोल’ नावाचा सामना असायचा, त्यात लीगमधले निवडक खेळाडू खेळायचे. फुलबॅकला त्यात वेगळी जागा नव्हती. चेंडू घेऊन पळणाऱ्यांतच त्याला मोजायचे. मग यार्डांच्या हिशेबात तो मागे पडणारच. त्या वर्षी फुलबॅकची स्वतंत्र जागा झाली आणि जॉन्स्टनची निवड झाली. पुढच्या वर्षीही झाली. माझ्या वर्गातल्या त्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिचं समाधान झालं. निदान अर्धंमुर्धं.

पण धडक घेणाऱ्या अंगाचाही एक हिशेब असतो. प्लेऑफचे सामने धरून जॉन्स्टन सलग १४९ सामने खेळला. सर्दी-ताप, मुरगळलेले पाय, काहीही असो, गडी हजर! १९९७ साली मात्र मान दुखावली. मणक्यांच्या मधल्या चकतीला इजा झाली होती, शस्त्रक्रिया करावी लागली आणि उरलेला मोसम बाहेर बसून काढावा लागला. १९९८ मध्ये तो परत आला आणि सगळे सामने खेळला. १९९९ मध्ये पहिल्याच सामन्यात मानेचा त्रास पुन्हा उद्भवला आणि तिथे त्याचं खेळणं संपलं. वय होतं ३३. म्हणजे माझ्याएवढंच म्हणा ना!

हे वाचून तुम्ही मधल्या सुट्टीत ‘ब्लॉक ब्लॉक’ खेळायला लागाल, म्हणून आताच सांगते, अजिबात नाही! त्या खेळाडूंच्या डोक्याला हेल्मेट आणि खांद्यांना जाड गाद्या असतात, तरी इजा होतेच. हेल्मेटने कवटी वाचते, पण आत मेंदूला बसणारा हिसका आणि मानेवर येणारा दाब थांबत नाही. डोक्याला वारंवार मार बसल्याने म्हातारपणी काय भोगावं लागतं, हे पुढे संशोधनातून कळत गेलं. २०१८ मध्ये डोकं खाली घालून हेल्मेटने धडकण्यावर नियमानेच बंदी आली. पालकांनीही एक करावं. मूल कोणताही खेळ खेळून आल्यावर “डोकं आपटलं” म्हणालं, तर “काही नाही होत” म्हणून उडवून लावू नये.

खेळ सोडल्यावर जॉन्स्टन दूरचित्रवाणीवर आला. २००१ पासून फॉक्स वाहिनीवर तो सामन्यांचं समालोचन करू लागला. पुढे नव्या लीग उभ्या करण्याच्या कामातही पडला. दरम्यान त्याची जागाच ओस पडत चालली. हल्ली संघ चेंडू जास्त फेकतात, म्हणून फुलबॅकऐवजी झेल घेणारा आणखी एक गडी मैदानात उतरवतात. पुष्कळ संघ तर फुलबॅक ठेवतच नाहीत. नाही म्हणायला काइल युशेक आहे, हार्वर्डसारख्या विद्यापीठातून आलेला. तो २०१७ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या संघातून ही जुनी जागा राखू लागला. पण असे मोजकेच.

एमिट स्मिथचं पुढे काय झालं? २७ ऑक्टोबर २००२ रोजी त्याने लीगच्या इतिहासात सगळ्यात जास्त यार्ड पळण्याचा विक्रम केला आणि निवृत्त होईपर्यंत १८,३५५ यार्डांपर्यंत नेला. २०१० च्या ऑगस्टमध्ये ओहायो राज्यातल्या कँटन गावी त्याला ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घेतलं. भाषण करता करता तो जॉन्स्टनबद्दल बोलायला लागला आणि त्याला रडू फुटलं. समोर बसलेल्या मूसला त्याने उभं राहायला सांगितलं. आणि त्याच्याशिवाय आजचा दिवस उजाडलाच नसता, असं साऱ्यांदेखत सांगितलं. सत्कार ज्याचा होता तो रडत होता आणि ज्याचा नव्हता तो उभा होता.

घरात मोठ्यांना विचारून डॅलसच्या १९९२ किंवा १९९३ सालच्या सामन्याची चित्रफीत मिळाली तर जरूर बघा. एमिटच्या पाठीवर २२ आकडा आहे, मूसच्या ४८. पहिल्यांदा बघाल तेव्हा तुमचे डोळे चेंडूच्याच मागे जातील. जाऊ द्या. दुसऱ्यांदा लावा आणि फक्त ४८ वर नजर ठेवा. चार-पाच डाव बघा. तो कोणावर आदळतो, एमिट त्याच्या कोणत्या बाजूने निघतो, तेवढं टिपून ठेवा आणि मला पत्रातून कळवा. आमच्या वर्गाने एक तक्ता करायला घेतला आहे. त्यात ‘ब्लॉक’चा रकाना आहे.